शिकारकथेचे वगळलेले प्रकरण

मराठी साहित्याच्या चर्चासत्रांत काही तक्रारी ठरावीक काळाने उगवतात. त्यांपैकी एक अशी की, मराठी लेखक घरकोंबडा आहे. त्याने समुद्र पाहिला तो किनाऱ्यावरून, अरण्य पाहिले ते पुस्तकातून आणि मृत्यू पाहिला तो इस्पितळातल्या खाटेवर. म्हणून मराठीत हेमिंग्वे झाला नाही. गेल्या हिवाळ्यात अशाच एका चर्चासत्रात एका वक्त्याने आफ्रिकेतील सफारीच्या साहित्याचे गोडवे गात हीच तक्रार पुन्हा मांडली आणि मराठी साहसकथेच्या दारिद्र्याबद्दल खेद व्यक्त केला. टाळ्या पडल्या. आम्ही दोघेही सभागृहात होतो आणि, कबूल करायला हवे, टाळ्या आम्हीही वाजवल्या. हा लेख त्या टाळ्या परत घेण्यासाठी आहे.

आम्ही मराठीचे अध्यापक. शिकवतो ते तीर्थपुरी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलांना. तीर्थपुरी हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले गाव. दक्षिणेला गोदावरी, भोवती ऊस आणि कापूस. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात. चर्चासत्राहून परतल्यावर आम्ही उत्साहाने हेमिंग्वेची फ्रान्सिस मॅकोंबरची कथा (१९३६) वर्गात मराठीतून सांगितली. भित्रा ठरलेला श्रीमंत अमेरिकन, त्याची तुच्छतेने पाहणारी बायको, पगारी शिकारी विल्सन, जखमी सिंह, मग रेडा आणि शेवटची गोळी. भीतीवर मात म्हणजे काय, संयमित गद्य म्हणजे काय, हिमनगाचा सिद्धान्त कोणता, हे सारे आम्ही फळ्यावर लिहिले. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. फासेपारध्याच्या घरातला. म्हणाला, "सर, त्या माणसाला हत्ती-सिंह मारायचा कागद कुणी देला? आमच्या आज्याला तितरापायी धरून नेलतं. त्याला कुणी का नाही देला?"

आम्ही त्याला हिमनगाचा सिद्धान्त पुन्हा समजावून सांगितला. याहून लाजिरवाणे उत्तर आम्ही वीस वर्षांच्या अध्यापनात दिलेले नाही.

प्रश्न कथेबाहेरचा नव्हता, ही गोष्ट घरी येऊन कथा पुन्हा वाचल्यावर ध्यानात आली. परवाना हा त्या कथेचा कणाच आहे. विल्सन आणि मॅकोंबर रेड्यांचा पाठलाग मोटारीतून करतात; ते बेकायदा आहे, नैरोबीला कळले तर विल्सनचा परवाना जाईल, हे मॅकोंबरच्या बायकोला उमगते आणि तिघांमधला सत्तेचा तोल तेथे ढळतो. तंबूतल्या आफ्रिकी नोकरांना दंड करण्याऐवजी फटके देण्याची विल्सनची पद्धतही बेकायदा, आणि तेही कथेत स्पष्ट आहे. म्हणजे हेमिंग्वेने कागद लपवलेला नाही. तो आम्ही लपवला. धैर्य, पौरुष, मृत्यूशी सामना असल्या भारदस्त शब्दांखाली.

आमचे म्हणणे असे की, शिकारसाहित्यात एक प्रकरण असते जे आपण वाचताना चाळतो आणि शिकवताना वगळतो. ते तयारीचे प्रकरण. कोणती रायफल, किती काडतुसे, कोणते जहाज, किती हमाल, किती मीठ. वास्तविक या साहित्याचा खरा आशय तेथे उघडा पडलेला असतो. सिंह समोर आल्यावर शिकारी एकटा असतो, हे त्या साहित्याचे सर्वांत यशस्वी मिथक आहे. आणि ते मोडण्यासाठी बाहेरचा पुरावा लागत नाही, त्याच पुस्तकातली सामानाची यादी पुरते.

उदाहरण थिओडोर रूझवेल्टचे घेऊ. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर तीन आठवड्यांच्या आत, मार्च १९०९ मध्ये, तो मुलासह न्यूयॉर्कहून निघाला आणि एप्रिलमध्ये मोंबासाला उतरला. मोहीम स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहासाठी होती. त्याच्या हत्यारांत तीन प्रमुख: सैन्यातल्या बनावटीची .३० स्प्रिंगफील्ड, .४०५ विंचेस्टर, आणि मोठ्या जनावरांसाठी हॉलंड अँड हॉलंडची .५००/.४५० दुनळी, जी इंग्लंडमधल्या चाहत्यांनी भेट दिली होती. कातडी खारवण्यासाठी कित्येक टन मीठ. हे सारे डोक्यावरून वाहणारे दोनशेहून अधिक हमाल. पुढे १९१० साली आलेल्या पुस्तकात बापलेकांनी मारलेल्या जनावरांचा हिशेब आहे: एकूण ५१२, त्यांत १७ सिंह, ११ हत्ती, २० गेंडे.

साहित्याच्या अध्यापकाला या सामानातली सर्वांत बोलकी वस्तू रायफल नव्हे, पेटी वाटेल. तिच्यात डुकराच्या कातड्यात बांधलेली सुमारे साठ पौंड वजनाची पुस्तके होती: बायबल, होमर, शेक्सपियर, दान्ते, मार्क ट्वेन. घाम, धूळ, बंदुकीचे तेल यांनी खराब होऊ नयेत म्हणून ती बांधणी. अभिजात साहित्य आफ्रिकेत गेले ते असे, हमालाच्या डोक्यावरून. ज्याच्या मानेवर तो भार होता त्याला त्यातले अक्षर वाचता येत नव्हते, आणि वाचणाऱ्याला त्याचे नाव नोंदवण्याची फारशी गरज वाटली नाही. हमालाचे डोके वगळून उरलेल्या पेटीला आपण 'विश्वसाहित्य' म्हणतो. आमची समीक्षाही बहुतांशी याच पेटीतून आलेली आहे, म्हणून हा मुद्दा आम्हाला स्वतःलाही बोचतो.

हेमिंग्वेची पहिली सफारी १९३३-३४ ची. तिचा खर्च बायकोच्या श्रीमंत काकांनी उचलला. रक्कम २५,००० डॉलर. साल लक्षात घ्यावे: अमेरिकेत मंदीने लाखो माणसे रांगेत उभी होती. वाटाड्या शिकारी होता फिलिप पर्सिव्हल, जो तरुणपणी रूझवेल्टच्याही मोहिमेत होता. म्हणजे हे साहस एक चालू धंदा होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक असलेले. 'आफ्रिकेचे हिरवे डोंगर' (१९३५) या नावाने मराठीत सांगता येईल अशा त्याच्या पुस्तकातले गद्य उत्तम आहे, यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. परंतु त्या गद्याच्या स्वच्छ वाक्यांमागे तंबू ठोकणारी, पाणी तापवणारी, माग काढणारी, दुसरी रायफल भरून हाती देणारी माणसे आहेत. हिमनगाचा सात-अष्टमांश भाग पाण्याखाली असतो म्हणतात. पाण्याखाली कोण आहे, हे विचारणे हीच त्या सिद्धान्ताशी प्रामाणिक वर्तणूक नव्हे काय?

या तयारीचे तंत्र आजही तेच आहे, फक्त कागद वाढले. हत्ती, रेडा यांच्यासाठी खोल घुसणारी, पूर्ण धातूच्या कवचाची गोळी. सिंह-बिबट्यासाठी आत जाऊन फुलणारी मऊ नाकाची गोळी. सर्व कामांना चालणारी रायफल म्हणून १९१२ साली आलेले .३७५ हे माप अजून प्रमाण मानले जाते आणि आफ्रिकेतल्या काही देशांत मोठ्या, धोकादायक जनावरांसाठी त्याहून लहान माप कायद्याने चालत नाही. विमानात रायफल कुलूपबंद पेटीत, काडतुसे वेगळी, माणशी साधारण पाच किलोच्या मर्यादेत. दक्षिण आफ्रिकेत उतरल्यावर पोलिसांचा ५२० क्रमांकाचा अर्ज. मारलेल्या जनावराचे शिंग-कातडे घरी न्यायचे तर आंतरराष्ट्रीय करारानुसार आणखी दाखले. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली. बोट्स्वानाने २०१४ साली बंद केली आणि २०१९ साली पुन्हा उघडली. थोडक्यात, मृत्यूशी सामना म्हणून जे वर्णिले जाते ते बव्हंशी अर्जांशी सामना असते, आणि अर्ज ज्याचे मंजूर होतात तो शिकारी. ज्याचे होत नाहीत त्याला भाषेत दुसरा शब्द आहे: चोरटा शिकारी.

हा शब्दभेद आफ्रिकेत कोणी भोगला? केनियाच्या त्सावो भागात वाटा नावाचे लोक मोठ्या धनुष्याने, विषारी बाणांनी हत्तींची शिकार पिढ्यान्‌पिढ्या करीत. तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९५० च्या दशकात त्यांच्याविरुद्ध मोहीम निघाली. धनुर्धारी तुरुंगात गेले. त्याच काळात परवानाधारक पाहुणे रीतसर हत्ती मारीत होते. हत्तीच्या दृष्टीने दोहोंत फरक नव्हता.

त्सावोशी आपलेही नाते आहे. युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली ती हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांच्या श्रमावर. त्यांतले सुमारे २,५०० मेले. १८९८ साली त्सावोच्या पुलावर दोन सिंहांनी मजुरांना तंबूंतून ओढून नेले. लेफ्टनंट कर्नल पॅटरसनने त्या वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही सिंह मारले आणि १९०७ साली पुस्तक लिहिले, जे साहसकथेचा नमुना ठरले. सिंहांची कातडी १९२४ साली शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने ५,००० डॉलरना घेतली आणि ते सिंह पेंढा भरून आजही तेथे उभे आहेत. सिंहांनी माणसे किती खाल्ली यावर संशोधन झाले. पॅटरसनचा नंतरचा आकडा १३५, २००९ सालच्या एका अभ्यासाचा अंदाज सुमारे ३५. आकडा शंभराने इकडेतिकडे होऊ शकतो, कारण मजुरांची मोजणीच कोणी नीट केली नव्हती. गोळ्यांची मात्र होते.

आता घराकडे वळू. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले. एक देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बंद करणारा. दुसरा शस्त्रांचा, ज्याने विनापरवाना बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले आणि युरोपियनांना त्यातून मोकळीक ठेवली. पहिला कायदा आपण वाङ्मयाच्या इतिहासात शिकवतो. दुसरा शिकवत नाही. वास्तविक मराठीत आफ्रिकेची शिकारकथा का झाली नाही, याचे अर्धे उत्तर त्या दुसऱ्या कायद्यात आहे. ज्याला रायफल बाळगायला साहेबाची सही लागते तो रायफलीचे महाकाव्य कसे लिहील? आणि १८७१ साली, म्हणजे त्याच्याही आधी, जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा उत्तर हिंदुस्थानात आला; पुढे १९११ साली तो मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला आणि पारधी त्यात अडकले. तो रद्द व्हायला ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने येथले कायदे वेगळे होते, पण पारध्याकडे पाहण्याची नजर वेगळी नव्हती, आणि ती १७ सप्टेंबर १९४८ नंतरही फारशी बदलली नाही.

पारध्याचीही तयारी असते. फासे वळायचे, खुंट्या तासायच्या, पाणवठ्याची वाट हेरायची, वारा कोणत्या बाजूचा ते पाहायचे; काही ठिकाणी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने पाखरांजवळ सरकायचे. यात ज्ञान आहे, कौशल्य आहे, धैर्यही आहे. संस्थानिकांना हे ठाऊक होते. कोल्हापूर संस्थानात हरणांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात, आणि ते हाताळायला राजपुत्र नव्हे, चित्तेवान लागत. म्हणजे आफ्रिकेचा आणि मराठी मुलखाचा शिकारसंबंध होता. तो मराठीत कथा होऊन आला नाही, कारण चित्ता ज्याच्या हाती होता त्याच्या हाती लेखणी नव्हती. मराठी लेखक घरकोंबडा होता म्हणून नव्हे.

येथे काही आक्षेप येतील. पहिला असा की, शिकाऱ्यांनीच वन्यजीव वाचवले. रूझवेल्टने अमेरिकेत विस्तीर्ण वने राखली. कॉर्बेटने नरभक्षक मारले आणि वाघाची बाजूही मांडली. शिकारीच्या शुल्कातून आफ्रिकेत काही ठिकाणी रान टिकते. यात तथ्य आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असावा, कडक असावा, असेच आम्ही म्हणू. पारध्याच्या आज्यासाठी तितराची मुभा मागायला हा लेख नाही. उसात घुसणारे रानडुक्कर आणि कपाशीत शिरणारे रोही यांनी जेरीस आलेले शेतकरी आमच्याच वर्गातल्या मुलांचे बाप आहेत, त्यामुळे प्राणिप्रेमाच्या सोप्या घोषणाही आम्हाला परवडत नाहीत. आमचा वाद वाचनाशी आहे. एकाच कृत्याला एका हाती 'साहस' आणि दुसऱ्या हाती 'गुन्हा' हे नाव कसे मिळते, हे साहित्याच्या वर्गात विचारायचे नाही तर कोठे विचारायचे?

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा. हे सारे साहित्य क्रूर आहे, ते अभ्यासक्रमातूनच काढावे. हे आम्हाला मान्य नाही. व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानात गेले होते म्हणूनच 'नागझिरा' (१९७९) आणि 'सत्तांतर' (१९८२) लिहिणारी नजर त्यांना लाभली, असे मानायला जागा आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून हिंडले आणि रानातल्या माणसांचे शब्द त्यांनी मराठीत आणले. मराठीची अरण्यलेखनाची वाट ही अशी आहे: हत्यार खाली ठेवून पाहणाऱ्यांची. तिला दारिद्र्य म्हणणाऱ्याने आधी ती वाचावी.

तिसरा आक्षेप आमच्या सहकाऱ्यांचा: सामानाची यादी म्हणजे काही साहित्य नव्हे. मग 'उपरा' (१९८०) काढून पाहा. लक्ष्मण मान्यांच्या त्या आत्मकथनात गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड हलते. तीही प्रवासाचीच तयारी आहे. रूझवेल्टच्या पेटाऱ्यांशेजारी ते बिऱ्हाड ठेवा, दोन्हींतल्या वस्तू समोरासमोर लिहा. एका यादीत जगाच्या कोणत्याही टोकाला जाऊन परत येण्याची हमी आहे; दुसरीत उद्या ज्या गावाबाहेर थांबायचे तेथून हाकलले जाण्याची शक्यता आहे. दोन्हींत साहस कोठे जास्त, हे विद्यार्थ्यांना ठरवू द्या. घरकोंबडा म्हणे! ज्या भाषेत अर्धा समाज बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडला, तिच्यावर घरकोंबडेपणाचा आरोप करणाऱ्याने कोणाचे घर मोजले?

हा विषय जुना झाला असेही कोणी म्हणू नये. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका ठेवून मोहीम निघाली आणि २ नोव्हेंबरला ती मारली गेली. त्या महिन्यांतल्या बातम्या आठवा. खासगी शिकारी, हत्ती, ड्रोन, परदेशी जातीचे कुत्रे, वाघिणीला ओढून आणण्यासाठी परदेशी अत्तर. तयारीचे प्रकरण नव्या छपाईत पुन्हा आले आणि आपण ते चवीने वाचले. मोहिमेतला एक हत्ती सुटून त्याने एका बाईला ठार केले, ती बातमी दोन दिवसांत मागे पडली. त्या वाघिणीच्या बाजूने आणि विरुद्ध शहरांत खूप लिहिले गेले. मेलेल्यांची नावे किती जणांना सांगता येतील? ते बहुतेक शेतकरी, गुराखी होते. त्यांची तयारी म्हणजे काठी आणि भाकरी.

शेवटी एक आठवण आमच्याच नदीकाठची. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो आणि मागोमाग पारधी येतात. चक्रधर सशाला वाचवतात हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की, ते पारध्यांशी बोलतात. त्यांना हाकलत नाहीत, गुन्हेगार म्हणत नाहीत. मराठी गद्याच्या आरंभीच शिकार, शिकारी आणि शरणागत हे तिघेही एका प्रसंगात समोरासमोर आहेत. पुढच्या सातशे वर्षांत आपण त्यांतल्या एकाशी बोलणे सोडून दिले.

त्या मुलाला आम्ही पुढच्या आठवड्यात बोलावले आणि आधी चुकीच्या उत्तराबद्दल माफी मागितली. मग वर्गाला एक काम दिले: घरातल्या कोणीही केलेल्या एखाद्या प्रवासाच्या तयारीची यादी लिहून आणा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींनी कोयते, पत्र्याची पेटी आणि पाळण्याची दोरी लिहिली. त्याने आज्याची यादी आणली. फासे, खुंट्या, दोन भाकरी, मिरची, पाण्याचा डबा. आणि शेवटी: धरले तर जामिनाला कोणते नाव सांगायचे, त्या गावच्या पाटलाचे नाव.

मराठीत हेमिंग्वे का झाला नाही, असे विचारणाऱ्यांनी पुढच्या चर्चासत्राला येताना ही यादी वाचून यावे. आम्ही ती सोबत आणू. मात्र यापुढे टाळ्या वाजवण्याआधी आम्ही विचारणार आहोत: पेटी कोणाच्या डोक्यावर होती, कागद कोणी दिला, आणि नाव कोणाचे लिहिले गेले?